फ्यूज उडाला, बरं झालं!

“दहाचा सारखा उडतोय साहेब, वीसचा टाकून देतो. पुन्हा कटकट नाही.” गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या दुकानात हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. मालकालाही ते पटतं, कारण पाच मिनिटांत दिवे लागतात आणि खिशाला फारशी चाट बसत नाही. शिवाय मोठा आकडा म्हणजे दणकट माल, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. फ्यूजच्या बाबतीत मात्र हा हिशेब नेमका उलटा आहे.

फ्यूज मुख्यतः दिव्याला सांभाळत नाही, म्युझिक सिस्टिमलाही नाही. तो सांभाळतो तारेला. डॅशबोर्डच्या मागून, गालिच्याखालून, दाराच्या बिजागरीपाशी वळसे घेत जाणाऱ्या प्रत्येक तारेची जाडी ठरलेली असते आणि अती न तापता ती किती प्रवाह वाहून नेईल हेही ठरलेलं असतं. फ्यूजचा आकडा त्या मर्यादेच्या आतला निवडलेला असतो. कुठे शॉर्ट झालं तर आधी फ्यूजमधली पट्टी वितळावी आणि तार वाचावी, एवढ्यासाठीच तो बसवलेला आहे. १० अँपिअरच्या जागी ३० चा घातला की शॉर्टच्या वेळी फ्यूज शाबूत राहू शकतो आणि तारच तापू लागते. तिचं आवरण मऊ पडतं, शेजारच्या तारांना चिकटतं, आणि हे सगळं घडतं ते हात पोचत नाही अशा जागी. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं किंवा तांब्याची तार पिळून बसवणं हा त्याच उपायाचा आणखी वाईट प्रकार. तिथे तर आकडाच नाही.

दुसरी समजूत अशी, की फ्यूज गेला म्हणजे फ्यूजच खराब होता. जुनाट होऊन एखादा जातोही, पण बहुतेक वेळा कारण पुढे कुठेतरी असतं. मागच्या लाइटच्या होल्डरमध्ये शिरलेलं पावसाचं पाणी, हॉर्न किंवा कॅमेरा बसवताना मूळ तार सोलून मारलेला जोड, किंवा मोबाइल चार्जरच्या सॉकेटमध्ये पडलेलं नाणं. टोलसाठी सुटे पैसे गिअरजवळ ठेवायची सवय फास्टॅग आल्यावरही अनेकांची गेलेली नाही. त्यातलं एक सॉकेटमध्ये घरंगळलं की आतला खिळा आणि कडेची भिंत जोडली जाते आणि फ्यूज तत्काळ उडतो. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर रेडिओही असतो, मग माणूस म्युझिक सिस्टिम उचकटत बसतो आणि नाणं तसंच राहतं.

फ्यूज तपासायला इलेक्ट्रिशियनच लागतो असंही नाही. साधारणपणे एक डबा स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी असतो, दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ. कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. बऱ्याच गाड्यांत तिथेच प्लास्टिकचा छोटा चिमटा आणि एक-दोन जादा फ्यूजही असतात. चावी बंद करायची, चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढायचा आणि उजेडासमोर धरायचा. दोन पात्यांना जोडणारी वाकडी पट्टी मधेच तुटलेली दिसली किंवा आतून काळपट डाग दिसला की निदान झालं. चीर केसाएवढी असेल तर डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी त्याच आकड्याचा चांगला फ्यूज घालून बघावा. रंगही मदतीला असतात: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हे रंग पात्यांच्या साध्या फ्यूजचे. बॉनेटखालच्या डब्यातल्या मोठ्या फ्यूजना ते लावू नयेत. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नये. शॉर्ट शोधणं हेच मग काम.

इलेक्ट्रिक गाडीतही दिवे-वायपरसाठी १२ व्होल्टचीच व्यवस्था असते आणि तिचे फ्यूज असेच बघता येतात. नारिंगी रंगाच्या जाड केबलला मात्र हात लावायचा नाही. तिच्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो.

“जास्त वॅटचा बल्ब, जास्त उजेड”

अनेक जुन्या-नव्या गाड्यांत हेडलाइटला एच-फोर हा हॅलोजन बल्ब असतो. त्याची ठरलेली क्षमता अपरला ६० वॅट आणि डिपरला ५५. बाजारात मात्र १००/९० वॅटचे बल्ब सर्रास मिळतात आणि हौसेने बसवले जातात. गणित करून बघा. १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे सव्वाआठच्या वर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, कपलर वितळून चिकटतो, रिफ्लेक्टरवरचा चकचकीत थर काळवंडतो आणि शेवटी उजेड पहिल्यापेक्षा कमी होतो. मधल्या काळात फ्यूजवर ताण येतो, तो उडू लागतो, आणि कोणीतरी “मोठा टाक” म्हणतं. दोन्ही गैरसमज इथे हातमिळवणी करतात. रिले आणि जाड तारांचा वेगळा संच बसवला तर मूळ तारा वाचतात हे खरं, पण समोरच्याचे डोळे वाचत नाहीत.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचण्याचीही तीच गत. एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरूनच झोत परततो आणि रस्त्यावर खाली पडतो. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या हिशेबात ठरलेली असते. एलईडीचे ठोकळे त्याच जागी, त्याच आकारात बसले नाहीत की झोत विस्कटतो. गाडीसमोरचा डांबराचा तुकडा लख्ख उजळतो म्हणून चालकाला बरं वाटतं, पण लांबचा खड्डा दिसत नाही आणि समोरून येणारा आंधळा होतो. कंपनीनेच एलईडी दिवा दिला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रिफ्लेक्टर किंवा भिंग त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. मूळ रचनेत मनमानी फेरफार करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही दुकानदार सांगत नाही.

बल्ब बदलण्याआधी काच बघावी. खरं तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं ते पिवळट, धुरकट होतं. उजेड कमी होण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच. टूथपेस्टने घासलं की चमक येते, ही अफवा नाही. पेस्टमधल्या बारीक कणांनी वरचा खराब थर निघतो. पण उन्हापासून वाचवणारा लेप परत येत नाही, म्हणून ती काच पुन्हा लवकर पिवळी पडते. पॉलिश करून वर संरक्षक लेप मारून घेतला तर काम टिकतं.

स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक चकती अनेक गाड्यांत असते. ती बहुतेकांनी कधी फिरवलेलीच नसते, आणि ज्यांनी फिरवली ते ३ वर नेऊन ठेवतात, कारण ३ म्हणजे सगळ्यात वर! प्रत्यक्षात आकडा वाढला की झोत खाली जातो. गणपतीला कोकणात निघताना मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत सामान खच्चून भरलेलं असतं. गाडी मागे बसते, नाक वर होतं आणि डिपरही अपरसारखा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चकती आहे ती याच प्रसंगासाठी. गाडीत एकटे असाल तर ०, भार वाढेल तसा आकडा वाढवायचा.

आणखी एक समजूत नव्या गाड्यांबरोबर आली आहे: पुढे डीआरएल (दिवसा लागणारे दिवे) लागलेत म्हणजे लाइट चालू आहेत. अनेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पूर्वी मीटर अंधारात दिसेनासा झाला की लाइट लावायची आठवण व्हायची, आताचा डिजिटल पडदा कायम उजळलेला असतो. मग संध्याकाळच्या पावसात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढून झगमगणारी गाडी मागून काळीकुट्ट असते. त्यावर उपाय म्हणून चारही इंडिकेटर लावून चालवणारे निराळेच. हॅझर्ड चालू असताना लेन बदलायचा इशारा देता येत नाही, आणि थांबलेली गाडी कोणती नि धावणारी कोणती हे मागच्याला कळत नाही. डिपर लावा, मागचे दिवे आपोआप लागतात. जाता जाता: एका बाजूचा इंडिकेटर अचानक टिकटिक घाईने करू लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला का ते आधी बघा, रिले बदलायची घाई नको.

“उन्हाळ्यात हवा कमीच बरी”

टायर तापतो, हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात चार पौंड कमी भरायचे. तर्क सरळ वाटतो, पण टायर तापवण्यात उन्हापेक्षा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या चेपण्याचा असतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला बाजूची भिंत जास्त वाकते, आत घर्षण होतं, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर तासन्‌तास १२० च्या वेगाने ते साचत जातं. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो, आणि तापल्यावर तो वाढणार हे धरूनच ठरवलेला असतो. २५ अंशांना ३३ पीएसआय असलेला टायर ५५ अंशांना पोचला की ३८ च्या आसपास दाखवतो. ते पाहून हवा सोडली, तर सकाळी थंड टायरमध्ये ती कमी भरते. आणि हो, नायट्रोजन भरला तरी हा आकडा जवळपास तेवढाच वाढतो. साध्या हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. त्याच्या भरवशावर महिनोन्‌महिने दाब न बघणं मात्र महागात पडतं.

दाबाचा आकडा टायरवर शोधू नये. तिथे लिहिलेला असतो तो टायरला सोसणारा कमाल दाब. गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, भरल्या गाडीचा वेगळा.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच समजून दोन्हीचे पैसे देणारे पुष्कळ. ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, ते बहुधा बॅलन्सिंग. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो, तिथे अलाइनमेंटचा संशय घ्यावा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. टायर कंपन्या मात्र मागे बसवायला सांगतात. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात ते सावरायला जागा नसते.

चाक बदलताना पान्यावर उभं राहून नट आवळण्याची जी पद्धत आहे, तिने स्टड ताणले जातात आणि पुढच्या पंक्चरला नट हलत नाहीत. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. बसवायचे समोरासमोरचे आळीपाळीने, आटे कोरडे ठेवून, आणि शेवटचा जोर जॅक उतरवल्यावर. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघावा. स्टेपनी आकाराने लहान असेल तर तिच्यावरचा वेगमर्यादेचा स्टिकर वाचावा, बहुधा ८० लिहिलेलं असतं, आणि इतर चार चाकांत हवा बघाल त्याच दिवशी तिच्यातही बघून घ्यावी.