दुसरी वाट असलेले जाळे

शिर्डीला यायच्या वाटा मोजायला बसले, तर बऱ्याच निघतात. नगर-मनमाड रस्ता आहे, कोपरगावचे आणि साईनगरचे रेल्वे स्थानक आहे, २०१७ पासून काकडीचा विमानतळ आहे, डिसेंबर २०२२ पासून नागपूरकडून येणारा समृद्धी महामार्ग आहे. मुंबईहून पालखीबरोबर पायी निघणारे वेगळेच. समजा, एका मोठ्या गोतावळ्याने एकत्र न येता ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने यायचे ठरवले. प्रत्येकाजवळ चिठ्ठी : कुठून निघालो, कुठे जायचे, कितवा क्रमांक. भक्तनिवासाच्या दारात सगळे क्रमांकाने पुन्हा उभे राहिले की गोतावळा पूर्ण झाला. संगणकांचे जाळे नेमके असेच चालते. फरक एवढाच की वाटेत हरवलेल्या तुकड्याची हुबेहूब प्रत तिथे पुन्हा पाठवता येते.

दर्शनाचा पास घरबसल्या काढणाऱ्या भाविकाच्या मोबाइलमधून किंवा सेवा केंद्रात दाखल्याचा अर्ज भरणाऱ्याच्या संगणकातून जे निघते, ते एकसंध कधीच जात नाही. आधार कार्डाचा तीन लाख बाइटचा फोटो घ्या. जाळ्यातल्या एका तुकड्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, साधारण दीड हजार बाइट मावतात. म्हणजे त्या एका फोटोचे दोनशेहून थोडे जास्त तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रम लिहिलेला असतो. वाटेतला राउटर, म्हणजे वाट दाखवणारे यंत्र, फक्त घेणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि पुढच्या राउटरकडे तुकडा ढकलतो. फोटोत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पोच आली नाही, तर पाठवणारा संगणक तोच तुकडा पुन्हा पाठवतो. वाटेतली यंत्रे साधी आणि जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांवर, ही या रचनेची खरी हुशारी आहे.

ही रचना जन्माला आली ती तार तुटणारच हे गृहीत धरून. जुन्या टेलिफोनमध्ये बोलणे चालू असेपर्यंत दोघांमधली अख्खी जोडणी अडवून ठेवली जाई आणि मधले एक्स्चेंज गेले की सगळे गेले. अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये दाखवले की, प्रत्येक केंद्र शेजारच्या तीन-चार केंद्रांना जोडले, तर बरीच केंद्रे नष्ट होऊनही उरलेली एकमेकांशी बोलू शकतात. फार जोडण्या लागत नाहीत, तीन-चार पुरतात. बॅरन यांच्या कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचले होते आणि पॅकेट हा शब्द त्यांनी रूढ केला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला.

इंटरनेट अणुयुद्धासाठी बांधले, मग आपल्या तालुक्याला त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. बॅरन यांच्या डोळ्यांसमोर अणुहल्ला होता हे खरे. पण अर्पानेट बांधले गेले ते महागडे संगणक अनेक विद्यापीठांना वाटून वापरता यावेत म्हणून. शिवाय केबल तोडायला बॉम्ब लागत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रांगू लागले. रांगू लागले, पण बंद पडले नाही. कारण पूर्वेकडच्या केबल शाबूत होत्या आणि पॅकेटे तिकडून वळली. आपल्याकडे केबल तोडण्याचे काम जेसीबी करतो. रस्ता रुंद करताना, पाण्याची लाइन टाकताना जमिनीखालची फायबर केबल इतक्या वेळा तुटते की, खोदण्याआधी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारला मार्च २०२३ मध्ये खास ॲप काढावे लागले.

भारतातली सुरुवातही खराब तारांवरच झाली. १९८६ मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट प्रकल्प उभा राहिला, तेव्हा मुंबईतील जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून डायल करून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. एनसीएसटीचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमणी. लाइन मिळेपर्यंत पत्रे संगणकात थांबायची, मिळाली की पुढे सरकायची. खरखरणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या टेलिफोनवर हे जमले, कारण पद्धतच खोळंबा सोसणारी होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. त्या दिवशी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सेवा खुली केली.

खेड्यात संगणकांचे जाळे टिकत नाही, हा आक्षेप नेहमीचा, आणि पुरावा म्हणून वारणेचे नाव घेतले जाते. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प झाला. पुढे अभ्यासकांना आढळले की, शेतकरी तिथे मुख्यतः उसाचे वजन, खताची मागणी, बिलाची स्थिती एवढेच पाहतात. मग सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हेच काम करून पाहिले आणि ते चालले. यातून शेतकऱ्याला जाळे नको होते असे कसे म्हणता येईल? त्याला कारखान्याशी जोडणी हवीच होती. फक्त ती अधिक भरवशाच्या आणि स्वस्त वाटेने हवी होती.

भरवशाचा प्रश्न सुटला नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण गावात नसून आराखड्यात आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. तालुक्यापर्यंत आधीची फायबर वापरायची आणि तिथून पुढे नवी टाकायची, एका सरळ रेषेत. रेषेत मध्ये कुठे तुटले की पुढची सगळी गावे अंधारात. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ असे सेवा केंद्रात सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि तिथवर जाणारी एकुलती एक तार गेलेली असते. उताऱ्यासाठी रोज बुडवून आलेल्या बाईचा तो दिवस वाया जातो, आणि जी रचना तुटलेल्या तारेवर मात करण्यासाठीच शोधली गेली तिच्या नावाने हे व्हावे, याची मला फार खंत वाटते.

दुसरी वाट महाग पडते, हे म्हणणे चुकीचे नाही. पण बारा गावांच्या रेषेचे शेवटचे टोक तालुक्याला परत जोडून कडे करायला बाराही जोडण्या दुप्पट कराव्या लागत नाहीत, बंद करणारा एक तुकडा लागतो. मोबाइल टॉवर असताना फायबर कशाला, असेही विचारले जाते. टॉवरपासून हातातल्या फोनपर्यंतच हवेतून येते. टॉवरच्या मागे बहुतेक वेळा फायबरच असते. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित कार्यक्रमात सरळ रेषांची कडी करण्याचे धोरण स्वीकारले आहे. आता राहाता असो वा कोपरगाव, तालुक्यातल्या ग्रामसभांनी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून विचारावी : कड्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात का? कागदावर कडे आणि प्रत्यक्षात दोन्ही केबल नगर-मनमाड रस्त्याकडेच्या एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडेल.