प्रार्थनेची वही

24 डिसेंबर 2025. संध्याकाळचे साडेसात. वेळापूरच्या बाहेर, उसाच्या फडाला लागून असलेल्या माळावर वीस-बावीस कोप्या उभ्या आहेत. कामट्यांची कमान, तिच्यावर चटई, वर प्लास्टिकचा काळा कागद. प्रत्येक कोपीपुढे चूल पेटलीय. पाचटाचा धूर जमिनीलगत पसरलाय आणि त्या धुरात बैल वाढं खात उभे आहेत. ऊसतोड मजुरांची ही टोळी बीडकडची.

आम्ही नऊ जण आहोत. पाळकसाहेब, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, ढोलकी-टाळ घेतलेली तरुण मुलं आणि मी. नाताळच्या आदल्या रात्री ही छोटीशी मंडळी घरोघर गात फिरते. यंदा पहिलं गाणं कोप्यांवर म्हणायचं ठरलंय. मुकादमाला सकाळीच विचारलंय. निघताना पाळकसाहेबांनी मुलांना बजावलंय, पत्रकं नाहीत, पुस्तकं नाहीत, फोटो नाहीत.

ढोलकीवर थाप पडते. पद रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, ‘उपासना संगीत’मधलं. टिळक 1919 मध्ये गेले, पण त्यांची पदं मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर अजून आहेत. अभंगाचं वळण ओळखीचं असल्यानं बाया दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका धरतात. एक म्हातारा पुढे सरकतो, मुलाच्या हातातले टाळ मागून घेतो आणि नेमक्या लयीत वाजवू लागतो.

“माउलींची पालखी याच वाटंनं जाती ना?” गाणं संपल्यावर तो विचारतो.

“होय बाबा. आषाढात वेळापूरला मुक्काम असतो.”

आता प्रवचन होईल असं मला वाटतं. पाळकसाहेब मात्र मातीतच मांडी घालून बसतात आणि खिशातून छोटी वही काढतात. “देवाजवळ तुमच्यासाठी काय मागू, ते तुम्हीच सांगा.”

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग चुलीपाशी बसलेली एक बाई म्हणते, “आमच्या उजव्या बैलाचा खूर फाटलाय, साहेब.”

ते लिहून घेतात. मग एकेक जण बोलू लागतो. सप्टेंबरच्या पुरात कापूस गेला, निदान उचल तरी फिटू दे. लेकरं गावाकडं सासूजवळ ठेवलीत, थोरली सातवीत हाय, तिची शाळा सुटू नये.

‘जगातल्या सर्व दुःखितांसाठी’ ही प्रार्थना मी शेकडो वेळा ऐकलीय, म्हटलीही आहे. तिच्यात बैलाचा खूर कधी आला नव्हता. ज्याच्यासाठी मागायचं त्यालाच आधी विचारावं, ही साधी गोष्ट आम्ही किती वर्षं राहू दिली!

कोपीच्या तोंडाशी एक कोवळी पोर बसलीय. ती काहीच सांगत नाही. तिची सासू म्हणते, “हिला आठवा चालू हाय.”

आमच्यातल्या बाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसतात. “तपासलं का गं?”

“दिवाळीआधी, गावाकडं. हितं खाडा परवडत नाय, मावशी.”

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक बसला की कोयता अर्धा. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तरी खाड्याची, म्हणजे बुडालेल्या दिवसाच्या दंडाची, भीती गेलेली नाही. बाई मुकादमाला बोलावतात आणि त्याच्याशी हलक्या आवाजात पण ठामपणे बोलतात. परवा सकाळी त्या रिक्षा घेऊन येणार, पोरीला सरकारी दवाखान्यात नेणार आणि त्या दिवसाचा खाडा लागणार नाही. मुकादम आधी जमिनीकडे बघतो, मग मान हलवतो. पाळकसाहेब हेही वहीत लिहितात.

लूकच्या शुभवर्तमानातली मरीयाही भरत्या दिवसांत घरापासून दूर होती, तिचं बाळ गव्हाणीत निजलं. इथं ती कथा कुणी सांगत नाही. चार हातांवर बैल गव्हाणीत तोंड घालून उभे आहेत.

प्रार्थना सुरू होते. पाळकसाहेब वहीतली एकेक ओळ देवापुढे ठेवतात, बैलापासून. आम्ही ‘आमेन’ म्हणतो. म्हातारा हात जोडून ‘राम कृष्ण हरी’ म्हणतो.

करंज्यांचा डबा फिरतो. बाया आमच्या हातात कोरा चहा देतात. साडेआठला चुली विझू लागतात, कारण पहाटे चारला टोळी फडात उतरायची आहे. उद्याच्या उपासनेत ही वही पुन्हा वाचली जाईल, तेव्हा ही माणसं ऊस तोडत असतील. कारखाना नाताळलाही चालूच असतो.