खाऱ्या टाकीतलं शेवाळ: औषधाआधी कारण शोधा

हौसेने घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली जाते. महिना-दोन महिन्यांत काचेवर तपकिरी थर चढतो, दगडांवर हिरवे केस उगवतात. मग कुणीतरी शेवाळ मारणारी बाटली आणतं. शेवाळ एकदम मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेतं आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. हे जीव वाचवता येतात. त्यासाठी शेवाळ कोणतं आहे, हे आधी ओळखायला हवं.

नव्या टाकीतली तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ती बहुधा आपोआप जाते. नुसती पुसत राहा. लांब हिरवे तंतू म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट साठल्याची खूण. लालसर, सायीसारखा चिकट थर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. तो बारीक नळीने ओढून काढा आणि पाण्याचा प्रवाह वाढवा. बुडबुडे धरून राहणारे तपकिरी चिकट धागे बहुधा डायनोफ्लॅजेलेटचे असतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावर ते अनेकदा माजतात, म्हणून तिथे अती स्वच्छता उलट अंगाशी येते.

नायट्रेट-फॉस्फेट येतं कुठून? बहुतेक वेळा आपल्याच हातून. मुलं येता-जाता चिमूटभर खाणं टाकतात, आजीही टाकते. खाणं घालण्याचं काम घरातल्या एकाकडेच द्या आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच घाला. गोठवलेलं खाणं आधी वितळवा, गाळा आणि ते पाणी फेकून द्या.

दुसरं कारण नळाचं किंवा बोअरचं पाणी. आरओ-डीआय यंत्राचं पाणी वापरा. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून घट भरून काढताना शुद्ध गोडं पाणीच घाला. क्षारता एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम ठेवा. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला आणि दिवे आठ तासांवर आणा.

मात्र शेवाळाचा नायनाट हे ध्येय नको. प्रवाळाच्या अंगातही सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं. म्हणून फॉस्फेट लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम असू द्यावं, शून्य नको.

चरणारे जीवही हवेत. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रात काळ्या काटेरी समुद्री अर्चिनांची साथीने प्रचंड मर झाली. जमैकाभोवती शेवाळ चरणारे मासे मासेमारीने आधीच कमी झाले होते. मग शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. घरच्या टाकीत हे काम टर्बो गोगलगायी करतात. टँग मासाही शेवाळ खातो, पण त्याला मोठी टाकी लागते. लहान टाकीत त्याला कोंडू नका.

एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली दगडी प्रवाळ आणि समुद्री पंखे संरक्षित आहेत. आपल्या समुद्रातून तोडून आणलेले घेऊ नका. कृत्रिम दगड वापरा.

हे सगळं केल्यावरही हिरवे तंतू कमी व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ते हाताने उपटत राहा. वहीत तारीख, नायट्रेट आणि फॉस्फेट लिहून ठेवा. हे काम शाळकरी मुलांकडे द्या. आकडे उतरू लागले की बाटली आणायची गरज नाही, हे त्यांनाच कळेल.