ऊया : ९९ डॉलरचा कन्सोल

काय होते? टीव्हीला जोडायचा, मुठीएवढा अँड्रॉइड गेम कन्सोल. आत एनव्हिडियाची टेग्रा ३ चिप, म्हणजे त्या काळच्या टॅब्लेटमधलीच.

भांडवल : जुलै २०१२मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मागितले साडेनऊ लाख डॉलर, जमले सुमारे ८६ लाख. पैसे देणारे ६३ हजारांवर.

वेगळेपण : प्रत्येक गेम थोडा तरी फुकट खेळता यावा, ही सुरुवातीची अट. गेम बनवायला वेगळे महागडे किट नको; विकत घेतलेले यंत्रच पुरे.

विक्री : दुकानांत जून २०१३मध्ये. कंट्रोलरची बटणे वरच्या पट्टीखाली अडकतात, ही सुरुवातीची तक्रार.

शेवट : २०१५मध्ये रेझर कंपनीने सॉफ्टवेअर विभाग घेतला, यंत्र नाही. ऊयाचे ऑनलाइन स्टोअर २५ जून २०१९ रोजी बंद झाले.