भाकरी, आमटी आणि किल्ल्यातला चहा

2024 मध्ये नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण भूक लागलेला माणूस अजून ‘नगरला’च जेवायला जातो. आमच्या आवडत्या खानावळीत मेनूकार्ड नाही. गल्ल्यावरचे मामा एकच विचारतात, “भाकरी का चपाती?” उत्तर चुकलं तर ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

तर भाकरी. नगर म्हणजे रब्बी ज्वारीचा मुलूख. वसुधा, रेवती, सुचित्रा ही नावं ऐकून मालिकेतल्या तीन जावा वाटतील, पण हे आहेत ज्वारीचे वाण, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेले. विद्यापीठाच्या नावामुळे सगळ्यांचं आडनाव एकच : फुले! खास हुरड्यासाठी वेगळी ‘फुले मधुर’ आहे. हुरड्याच्या चवीवर शास्त्रज्ञ डोकं चालवतात, हे ऐकून कर भरल्याचं समाधान मिळतं.

भाकरी पोचेपर्यंत कांदा बुक्कीनं फोडून ठेवायचा. सुरीनं कापणारा इथला नाही, हे चार टेबलांवरून ओळखू येतं.

मग शिपी आमटी. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडकडचा हा झणझणीत मामला : दोन-चार डाळी एकत्र, भाजलेलं खोबरं, लसूण, मसाला. ही भाकरीला लावून खायची नाही. भाकरी चुरायची, आमटी ओतायची आणि नाक पुसत राहायचं. अर्धी वाटी मागणाऱ्याला मामा पूर्ण वाटीच देतात.

पालेभाजी किंवा वालाची उसळ असेल तर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची आठवण काढावी. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण वाल-घेवड्याचं गावठी बियाणं त्यांनी जपलं आणि 2020चा पद्मश्री मिळवला.

जिल्ह्यातली सगळ्यात मोठी पंगत मात्र शिर्डीची. तिथल्या साईप्रसादालयाच्या छतावर 73 सौर तबकड्या आहेत, 2009 पासून. आरशांवर ऊन पडतं, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर खाली भात-वरण शिजतं. नगरच्या उन्हाला नावं ठेवणाऱ्यांनी तिथं दोन घास खाऊन यावं.

शेवटी चहा. आणि चहा म्हटलं की मला नगरचा भुईकोट किल्ला आठवतो. 1942च्या ऑगस्टपासून तिथं काँग्रेसचे बडे नेते कैदेत होते. मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हातानं चिनी चहा करायचे, दूध न घालता, आणि त्यावर त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात भलंमोठं पत्रच लिहिलंय. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. सोबत कैदेत असलेल्या नेहरूंना गोड इतकं आवडे की गूळही चाले. साखरेतले बारकावे त्यांना पटवता पटवता मौलाना दमले. पुढं 1950-51च्या हंगामात याच जिल्ह्यात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटलांच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात पहिली मोळी पडली. किल्ल्यातला वाद जिल्ह्यानं असा साखरेच्या बाजूनं मिटवला म्हणायचा.

मामांचा चहा दाट, दुधाळ, दोन चमचे साखरेचा आणि तिसऱ्यांदा उकळलेला. मौलानांनी तोंडाला लावला नसता. मी दुसरा कप सांगितला.