जुना संगणक आणि सावडीची देवघेव : अडतें कोठें तें आधीं पाहावें

हल्लीं बहुतेक मोठ्या गांवांतून विकास सोसायटीच्या कचेरींत, गोदामावर अगर एखाद्या प्रगत बागाईतदाराच्या घरीं संगणक आढळतो. सात-बारा व आठ-अ यांचे उतारे, ई-पीक पाहणीचीं छायाचित्रें, माती परीक्षणाचे अहवाल, द्राक्षें व डाळिंबें परदेशीं पाठवितांना लागणारे दाखले हे सर्व कागद आतां फाईलींच्या रूपानें राहूं लागले आहेत. केंद्र सरकारनें २०२२ सालीं ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हांपासून तर या यंत्राशीं शेतकऱ्याचा संबंध अधिकच वाढला आहे.

परंतु नवें यंत्र एका मेजावर आलें म्हणजे जुनें दुसऱ्या मेजावर जातें, आणि त्याच्यावर फाइली देण्याघेण्याचा प्रोग्राम चालूं केला कीं तक्रार सुरू होते. फाईल मुंगीच्या पावलानें येते, पडदा थिजतो, माऊस हलत नाहीं. लोक म्हणतात, संगणक ‘हँग’ झाला. अशा वेळीं दोनच उपाय सुचतात : एक, बटण दाबून यंत्र बंद करणें, दुसरा, तें म्हातारें झालें असें ठरवून नवें घेणें. पहिल्या उपायांत सभासदांच्या कागदांची नासाडी होण्याचा संभव असतो, व दुसऱ्यांत संस्थेचा पैसा जातो. वळसंगसारख्या सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील गांवाहून यंत्र दुरुस्तीकरितां सोलापुरास नेणें म्हणजे एक दिवस मोडणें आलें. सबब घरच्याघरीं कारण कसें शोधावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

सावडीची रीत

फाइली मिळविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत सर्व माल एका मोठ्या यंत्रांत असतो व ज्याला हवा तो तेथून उचलतो. गोदामांतून बियाणें आणावें तसेंच हें आहे. दुसरींत असें गोदाम लागत नाहीं. फाईलीचे तुकडे करतात. ज्याच्याजवळ जो तुकडा असेल तो तो दुसऱ्यास देतो, आणि आपणांस हवा तो तिसऱ्याकडून घेतो. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. अमेरिकेंतील ब्रॅम कोहेन यानें २००१ सालीं प्रसिद्ध केलेली बिटटॉरेंट ही रीत अशीच आहे. आणि दोन-तीन यंत्रांतील कागद परस्पर सारखे ठेवणारा सिंकथिंग हा प्रोग्रामही तुकड्यांनींच काम करतो.

सावडींत जो घेतो त्याला द्यावेंही लागतें, व येथेंच जुन्या यंत्राची दमछाक होते. प्रत्येक तुकडा लाईनीवरून घ्यावा लागतो, रॅममध्यें धरावा लागतो, त्याचा ठसा काढून मूळ ठशाशीं ताडून पाहावा लागतो, हार्ड डिस्कवर लिहावा लागतो, आणि कोणी मागितला तर पुन्हां वाचून पाठवावा लागतो. ४ जीबीच्या एका फाईलीचे १ एमबीचे तुकडे केले तर ते ४,०९६ होतात. ते क्रमानें येत नाहींत. सातशेवा आधीं व तिसरा मागाहून, असें चालतें. जुन्या डिस्कची तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, व तिच्यावरील वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकास प्रत्येक तुकड्यासाठीं नव्या जागीं धांवावें लागतें.

मोट आतां दिसेनाशी झाली असली तरी तिचा दाखला येथें चांगला लागूं पडतो. वाफा कोरडा राहिला म्हणजे विहीर आटली असें शहाणा शेतकरी एकदम म्हणत नाहीं. मोट फाटली आहे काय, थारोळें भरून वाहतें आहे काय, पाट कोठें फुटला आहे काय, हें तो क्रमानें पाहतो. संगणकांत लाईन, रॅम, डिस्क व उष्णता हीं चार ठिकाणें अशींच पाहावयाचीं असतात.

पहिली पाहणी

प्रथम प्रोग्राममधील ‘पॉज’ हें बटण दाबून देवघेव पांच मिनिटें थांबवावी. यंत्र लगेच हलकें झालें तर भार प्रोग्रामचा आहे. तरीही जडच राहिलें तर रोग दुसरीकडे आहे.

नंतर देवघेव पुन्हां सुरू करून कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्या. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो व प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांवर किती भार आहे तें दिसतें. विंडोज ७ मध्यें डिस्कचा भार ‘रिसोर्स मॉनिटर’ या खिडकींत पाहावा. इतर कामें नीट चालतात, पण फाईल मात्र हळू येते, असें असेल तर लाईन पाहावी. सर्वच थिजतें व डिस्कचा दिवा सारखा जळत राहतो, असें असेल तर रॅम किंवा डिस्क पाहावी. सकाळीं ठीक, पण दुपारीं पंख्याचा आवाज वाढून यंत्र अडतें, असें असेल तर उष्णतेची शंका घ्यावी.

येथें एक फसवें लक्षण सांगणें अवश्य आहे. वीज एकाएकीं गेल्यानंतर यंत्र सुरू केलें म्हणजे असे प्रोग्राम पुष्कळदां जुने तुकडे पहिल्यापासून तपासूं लागतात. त्या वेळीं फाईल पुढें सरकत नाहीं व यंत्र मेल्यासारखें दिसतें. पण शेंकड्याचा आंकडा सावकाश वाढत असेल तर तें काम करीत आहे असें समजावें व वाट पाहावी. घाईनें बटण दाबून बंद केलें तर तपासणी बहुधा पुन्हां पहिल्यापासून होते, आणि डिस्कवरील नोंदी बिघडण्याचाही धोका असतो.

लाईन

पुष्कळदां मंदपणाची तक्रार ही हिशेबाची चूक असते. लाईन मोजतात मेगाबिटांत व फाईल मोजतात मेगाबाइटांत. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून १० मेगाबिटांच्या लाईनीवर सेकंदास फार तर सव्वा मेगाबाइट येणार, त्याहून अधिक नाहीं.

खरी अडचण बहुधा देण्याच्या बाजूला असते. माल मिळाल्याची पोंच ही देण्याच्या वाटेनेंच परत जाते. ती वाट आपणच तुकडे पाठवून भरून टाकली तर पोंच अडकते, आणि घेण्याचा वेगही खालीं येतो. उपाय असा कीं, प्रोग्राममध्यें देण्याच्या वेगास मर्यादा घालावी व ती लाईनीच्या देण्याच्या शक्तीच्या सुमारें चार-पंचमांश ठेवावी. लाईन २ मेगाबिट देऊं शकत असेल तर ते सेकंदास २५० किलोबाइट झाले. मर्यादा २०० ठेवावी.

दुसरें कारण, जोडण्यांची संख्या. प्रोग्राम एका वेळीं शेंकडों यंत्रांशीं बोलूं पाहतो व जुना राउटर त्या गर्दींत गुदमरतो. एकूण जोडण्या ५० ते १०० पर्यंत आणाव्या व एका वेळीं एक-दोनच फाइली घ्याव्या. दहा वाफ्यांचीं दारें एकदम मोडलीं तर एकही वाफा भिजत नाहीं. पाळीनें दिलें तर सर्व भिजतात.

रॅम

रॅम म्हणजे यंत्राचें हाताशीं असलेलें खळें. तें भरलें म्हणजे संगणक कांहीं माल डिस्कवर ठेवतो व लागेल तेव्हां परत आणतो. डिस्क रॅमपेक्षां फारच मंद असल्यानें हीं नेआण सुरू झाली कीं सर्व काम अडतें. मेमरीचा आंकडा शेंकडा ९० च्या वर राहत असेल तर हेंच कारण समजावें.

उपाय प्रथम बिनखर्चाचे करावे. ब्राउझरमधील नको असलेलीं पानें मिटावीं, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावे, आणि एकाच यंत्रावर दोन अँटीव्हायरस असतील तर एकच ठेवावा. दोघेही प्रत्येक फाईल तपासूं लागतात व एकमेकांच्या वाटेंत येतात. अँटीव्हायरस सर्वस्वी बंद मात्र करूं नये. याउपर गरज राहिली तर रॅम वाढवावी. परंतु ३२ बिटांची साधी विंडोज असेल तर ती ४ जीबीच्या पलीकडची रॅम उपयोगांत आणूं शकत नाहीं, हें विकत घेण्याआधीं पाहावें.

डिस्क

डिस्क अगदीं तोंडापर्यंत भरूं देऊं नये. दहावा-सातवा हिस्सा मोकळा असावा. जागा संपली कीं प्रोग्राम मध्येंच थांबतो. पेनड्राइव्ह किंवा जुनी डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीची असेल तर ४ जीबीची अगर त्याहून मोठी फाईल तिच्यावर मावत नाहीं, मग जागा कितीही शिल्लक असो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ठराविक फाईल उघडतांनाच यंत्र थिजत असेल, तर तबकडी बिघडूं लागली आहे असें मानावें. अशा वेळीं दुरुस्तीचा प्रयोग न करितां प्रथम महत्त्वाच्या कागदांची नक्कल दुसरीकडे काढावी. मग फिरत्या तबकडीच्या जागीं ‘एसएसडी’ बसवावी. तिच्यांत फिरणारा भाग नसल्यानें विखुरलेले तुकडे लिहितांना ती अडखळत नाहीं. जुन्या यंत्रावर केलेल्या खर्चांत बहुधा हाच खर्च सर्वांत अधिक फळतो.

सिंकथिंगसारखा प्रोग्राम असेल तर वांटून दिलेल्या फोल्डरांत कोणत्या फाइली आहेत तेंही पाहावें. हजारों जुनीं छायाचित्रें त्यांत पडून असतील तर ठराविक वेळानें त्या सर्वांची पाहणी होत राहते. चालूं वर्षाचे कागद वांटणींत ठेवून बाकीचे वेगळे काढले तर भार पुष्कळ कमी होतो.

ऊन, धूळ आणि वीज

आपल्या भागांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि काळ्या रानाची धूळ घरांत सर्वत्र शिरते. ती पंख्यावर व उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर बसली कीं प्रोसेसर तापतो. फार तापला म्हणजे तो स्वतःचा जीव वांचविण्याकरितां वेग कमी करतो, व त्याहूनही तापला तर यंत्र बंद पडतें. दोन-तीन महिन्यांनीं यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. वाऱ्याच्या झोतानें साफ करावयाचें तर पंखा बोटानें धरून ठेवावा, तो भरधांव फिरूं देऊं नये. यंत्र भिंतीला टेकवूं नये. मोठी देवघेव रात्रीं किंवा पहाटे ठेवावी. यूपीएस असेल तर तिनें मिळणारीं चार-पांच मिनिटें प्रोग्राम रीतसर थांबविण्यासाठींच वापरावीं.

वेगापेक्षां मोठा धोका

आतांपर्यंत वेगाचा विचार झाला. पण जुन्या यंत्राचा खरा धोका वेगळाच आहे. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमधील फोल्डर वांटून देण्याच्या एका जुन्या पद्धतींत असलेल्या दोषांतून तो शिरे, सर्व फाइली कुलूपबंद करी व त्या सोडविण्यास खंडणी मागे. त्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येंच निघाली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती ते सांपडले. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर व विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर अशा दुरुस्त्या नेहमीच्या रीतीनें मिळणें बंद झालें आहे. अशा यंत्रावर एकतर हलकी लिनक्स बसवावी, नाहीं तर त्यावर सभासदांचे कागद ठेवूं नयेत व तें बाहेरच्या लाईनीस जोडूं नये.

शिवाय, सावडीची देवघेव म्हणजे जपणूक नव्हे. सिंकथिंगमध्यें एका यंत्रावर फाईल पुसली तर ती साध्या मांडणींत दुसऱ्या यंत्रावरूनही पुसली जाते. पुढच्या पेऱ्याचें सारें बियाणें कोणी एकाच कणगींत ठेवीत नाहीं. तद्वत् कागदांची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून, ती यंत्रापासून सोडवून, कपाटांत ठेवावी. बिटटॉरेंटवर तर जें दिलें तें कोणाच्याही हातीं जाऊं शकतें. तेव्हां सभासदांचे उतारे, आधार व बँकेचे कागद तेथें केव्हांही घालूं नयेत.

शेवटीं एक सूचना. वरील उपायांपैकीं एका वेळीं एकच करावा, दोन दिवस पाहावें, व फरक वहींत टिपून ठेवावा. दोन वाफ्यांपैकीं एकास खत देऊन दुसऱ्यास न देतां पीक ताडून पाहण्याची चाल आपणांस ठाऊकच आहे. सर्वच उपाय एकदम केले तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. बिनखर्चाचे उपाय आधीं, थोड्या खर्चाचे मागाहून, व नवें यंत्र सर्वांत शेवटीं, हा क्रम पाळला तर संस्थेचा पैसा वांचेल. एवढें करूनही यंत्र अडत राहिलें तर मग नवें घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्या दिवशीं कागदांची नक्कल कपाटांत तयार असली पाहिजे.