माइकच्या वाट्याची हवा

1 ऑगस्ट 2022 रोजी 5जी लहरींचा लिलाव संपला, तेव्हा ठाण्यात कोपरीतल्या मंडळांना गणपतीचे वेध लागले होते. चतुर्थी 31 ऑगस्टला होती. 2016 आणि 2021 मध्ये ज्याला कोणी हात लावला नव्हता, तो 700 मेगाहर्ट्झचा पट्टा या वेळी जिओने देशातल्या बावीसही दूरसंचार सर्कलमध्ये घेतला. मांडवातल्या कॉर्डलेस माइकचा त्या सौद्याशी जवळचा संबंध आहे.

कॉर्डलेस माइक म्हणजे छोटा रेडिओ ट्रान्समीटर. जगभर तो टीव्हीच्या चॅनेलांमध्ये राहिलेल्या रिकाम्या जागेत पाहुण्यासारखा राहत आला. टीव्ही डिजिटल झाला, कमी जागेत मावू लागला आणि सुटलेली जागा मोबाइलकडे गेली. या लहरी लांब पोचतात, भिंती ओलांडतात, म्हणून त्यांना मागणी. अमेरिकेत 12 जून 2010 नंतर 700च्या पट्ट्यात माइक वापरायला बंदी आली. 600च्या पट्ट्याचा मोठा भाग 13 जुलै 2020 पर्यंत सोडावा लागला. चालू स्थितीतले संच निकामी ठरले.

आपल्याकडे 700च्या पट्ट्यात फोन 703 ते 748 मेगाहर्ट्झवर बोलतो, टॉवर 758 ते 803वर. जुन्या माइकची फ्रिक्वेन्सी त्यातच असेल, तर खरखर येते, नाही तर ऐन वाक्यात आवाज तुटतो.

संगीत नाटकात हे फार जिव्हारी लागतं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात आठ कॉलर माइक लावायचे, तर आठ मोकळ्या फ्रिक्वेन्सी पुरत नाहीत. 520.0 आणि 520.4वरचे दोन माइक जवळ आले की 519.6 आणि 520.8वर नको असलेले सिग्नल उमटतात. तिथे तिसरा माइक ठेवता येत नाही. म्हणजे हवा आटली की माइकांची संख्याही घटते. गायक नटाचा हळुवार स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणाऱ्या साउंड ऑपरेटरचं हे नुकसान लिलावाच्या हिशेबात कुठेच धरलेलं नाही, आणि ते धरायला हवं होतं.

2.4 गिगाहर्ट्झचे माइक स्वस्त मिळतात, पण तिथे वाय-फायची गर्दी आहे आणि नटाचं स्वतःचं शरीरही त्या लहरी अडवतं. 600चा पट्टाही 2022 मध्ये विक्रीला होता. बोली आली नाही, एवढंच. त्यामुळे नवा संच घेताना रिसीव्हरवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा आधी वाचावा. प्रयोगाआधीचं स्कॅनिंग रिकाम्या प्रेक्षागृहात करून भागत नाही, कारण फोन प्रेक्षकांबरोबर आत येतात. तिसऱ्या घंटेआधी पुन्हा तपासावं, आणि विंगेत वायरचा एक माइक जोडून ठेवावा.